प्लास्टर घातलेल्या मुलासाठी भेटी: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

मुलाचा हात किंवा पाय मोडला की पहिले दोन-तीन दिवस घरात माणसांची रीघ लागते. चॉकलेटचे डबे येतात, मोठा टेडी येतो, कोणी हौसेने बॅटही आणतं. मग येणारे कमी होतात, मित्र आपापल्या शाळा-क्लासला लागतात आणि मूल त्याच पलंगावर मोबाइल घेऊन पडून राहतं. हाताचं प्लास्टर साधारण ३ ते ६ आठवडे असतं, पायाचं बहुधा त्याहून जास्त. भेटींचा सगळा साठा पहिल्या आठवड्यातच संपतो आणि खरा कंटाळा तर दुसऱ्या आठवड्यानंतर सुरू होतो.

हा लेख ४ ते १३ वर्षांच्या, प्लास्टर घालून घरी असलेल्या मुलांसाठी आहे. डोक्याला मार लागलेल्या आणि अजून दवाखान्यात असलेल्या मुलांबद्दल पुढे थोडक्यात आहे, कारण त्यांचे नियम वेगळे असतात.

## १. खरेदीआधी एक फोन

दुकानात जाण्याआधी मुलाच्या आई-वडिलांना किंवा आजीला विचारून घ्या:

- कोणता हात किंवा पाय? हात असेल तर लिहायचा की दुसरा?
- बसता येतं का? किती वेळ? की आडवंच राहायचंय?
- प्लास्टर कच्चं आहे की पक्कं? साधं पांढरं की फायबरचं?
- किती आठवडे सांगितलेत? मध्ये शस्त्रक्रिया आहे का?
- घरात लहान भावंड आहे का? त्याचं वय काय?
- आतापर्यंत कोणी काय आणलंय?

यातला पहिला प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा राहून जातो. उजवा हात मोडलेल्या उजव्या हाताच्या मुलीला चित्रकलेचा संच दिला, तर ती महिनाभर त्याच्याकडे नुसती बघत बसते. तोच संच पाय मोडलेल्या मुलाला उत्तम. भावंडाचं वय विचारायचं ते दोन कारणांसाठी. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर बारीक भाग असलेली कोणतीच वस्तू नेऊ नये. आणि भावंड कोणत्याही वयाचं असलं, तरी त्याच्यासाठी एक छोटी वस्तू न्यावी, म्हणजे भांडण टळतं.

सावध: शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी खाऊ नेऊ नका. भूल द्यायची असेल तर मुलाला ठरावीक तास उपाशी ठेवतात. कोणी हळूच भरवलेल्या एका पेढ्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते.

## २. पहिली भेट म्हणजे टेबल

खेळणं कितीही चांगलं असलं तरी ते ठेवायला सपाट, न हलणारी जागा नसेल तर पाच मिनिटांत सगळं चादरीत जातं. म्हणून खेळण्याआधी जागा तयार करून द्या. बाजारात मांडीवर घ्यायचं घडीचं लॅपटॉप टेबल मिळतं, पण पायाला प्लास्टर असेल तर त्याचे पाय बऱ्याचदा अरुंद पडतात. पुठ्ठ्याच्या खोक्याचं टेबल मापात बनवता येतं आणि तासाभरात होतं.

१. साधारण ४५ सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि २५ सेंमी उंच, जाड पुठ्ठ्याचं खोकं घ्या. वरची झाकणं कापून टाका आणि खोकं पालथं घाला.

२. मुलाच्या दोन्ही मांड्या प्लास्टरसकट मोजा. त्यात ४-५ सेंमी मिळवा. दोन्ही लांब बाजूंना तेवढ्या रुंदीची कमान आखा. उंची १८ सेंमीपेक्षा जास्त नको, नाहीतर वरचा भाग वाकतो. दोन्ही कडांना किमान ५ सेंमीचा पाय उरला पाहिजे. उरत नसेल तर खोकं मोठं घ्या.

३. कमान कापून तिच्या कडांवर रुंद खाकी टेप लावा. कापलेला पुठ्ठा कातडीला चरे पाडतो आणि त्याचा भुसा अंथरुणात पडतो.

४. कापलेल्या झाकणांच्या ३-४ सेंमीच्या पट्ट्या करून वरच्या पृष्ठभागाला चारी बाजूंनी काठासारख्या चिकटवा. पेन्सिल घरंगळणं इथेच थांबतं.

५. वर ड्रॉवरमध्ये अंथरतात ती जाळीदार रबरी मॅट ठेवा. एका हाताने खेळणाऱ्या मुलाला ही मॅट सगळ्यांत उपयोगी पडते, कारण वही धरून ठेवायला त्याला दुसरा हात नसतो.

टेबलासोबत तीन छोट्या गोष्टी द्या: परीक्षेला नेतात ते चापवालं पॅड, एक पिशवी जी पलंगाच्या कडेला अडकवता येईल, आणि हाक मारायला छोटी घंटी. घंटी मुलाला फार आवडते. घरच्यांचेही "आई, आई" ऐकत दर पाच मिनिटांनी धावणं कमी होतं.

उताण्या पडलेल्या मुलाला बॉलपेन देऊ नका. निब वर केली की शाई खाली येत नाही, थोड्या वेळाने पेन उमटायचं थांबतं आणि मुलाला वाटतं आपलंच चुकतंय. पेन्सिल द्या, तीही मऊ शिशाची.

तपासा: टेबल मांडीवर ठेवल्यावर त्याचा कोणताही भाग प्लास्टरला टेकत नाही ना? टेकत असेल तर कमान वाढवा. ओल्या किंवा कच्च्या प्लास्टरवर कसलाही भार नको.

## ३. पहिले तीन दिवस: फक्त ऐकायचं

या दिवसांत सूज असते, दुखत असतं, औषधांमुळे डोळे मिटतात. हात किंवा पाय उशीवर उंच ठेवायचा असतो. मूल चिडचिडं असतं आणि नवीन खेळाचे नियम ऐकायच्या मनःस्थितीत नसतं. या काळात दिलेलं चांगलं खेळणं वाया जातं, कारण मूल ते एकदा नाकारतं आणि नंतरही हातात घेत नाही.

इथे सगळ्यांत चांगली भेट म्हणजे आवाज. आजोबा, मावशी, काका, वर्गशिक्षिका, शेजारचा दादा अशा सहा-सात जणांना प्रत्येकी एक गोष्ट रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. लांबी ३ ते ५ मिनिटं, त्याहून मोठी नको. सुरुवातीला मुलाचं नाव घ्यायचं आणि "लवकर बरा हो" वगैरे न म्हणता थेट गोष्टीला हात घालायचा. बाबा लहानपणी कोणत्या झाडावरून पडले होते, ही गोष्ट परीच्या गोष्टीपेक्षा जास्त वेळा ऐकली जाते. सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये घालून फोन पालथा ठेवून लावा, म्हणजे पडदा दिसत नाही.

सावध: डोक्यालाही मार लागला असेल तर पहिले २४ ते ४८ तास शांतता हीच भेट. मोबाइल-टीव्हीचे पडदे, गोंगाट, डोकं लढवायचे खेळ नकोत. आवाजही हळू. पुढे काय आणि केव्हा द्यायचं ते डॉक्टरांनी सांगू द्या.

## ४. पुड्या बांधा, एकदम देऊ नका

पाचशे रुपयांची एक वस्तू देण्यापेक्षा त्याच पैशांत दहा-बारा छोट्या पुड्या बांधा. चार आठवड्यांचं प्लास्टर असेल तर चौथ्या दिवसापासून एक दिवसाआड एक पुडी, म्हणजे बारा-तेरा. प्रत्येक पुडीवर उघडायची तारीख लिहा. पुड्या मुलाकडे द्यायच्या नाहीत. आजीच्या किंवा आईच्या ताब्यात, कपाटावर.

बांधताना वर्तमानपत्र आणि सुतळीची सरकगाठ वापरा, टेप नको. एका हाताने टेप सोडवता येत नाही, आणि पुडी स्वतः उघडण्यातच अर्धी मजा असते.

क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवातीच्या पुड्या हलक्या, दहा मिनिटांत संपणाऱ्या: भिंग, छोटी टॉर्च (भिंतीवर सावल्यांचे प्राणी करायला), हाताने लिहिलेली वीस कोडी. दुसऱ्या आठवड्यात वाढणाऱ्या किंवा वाट बघायला लावणाऱ्या गोष्टी. सगळ्यांत चांगली वस्तू तिसऱ्या आठवड्यात, कारण तेव्हा भेटायला कोणी येत नसतं. शेवटची पुडी प्लास्टर निघण्याच्या दिवसासाठी.

वाट बघायला लावणाऱ्या दोन पुड्या नीट सांगण्यासारख्या आहेत.

मेथीची बाग. पुडीत दोन चमचे मेथीदाणे, थोडा कापूस, एक फवाऱ्याची छोटी बाटली आणि पट्टी. दाणे रात्रभर भिजवायचे. साधारण १५ सेंमीच्या ताटलीत ओला कापूस पसरून त्यावर एकेरी थरात दाणे ठेवायचे, दोन दिवस वरून दुसरी ताटली झाकायची. मोड फुटले की झाकण काढून खिडकीत. रोज दोनदा फवारा. आठ-दहा दिवसांत बोटभर हिरवी रोपं येतात. मुलाने रोज पट्टीने उंची मोजून वहीत लिहायची, आणि शेवटी कापून थालीपिठात घालायची. हमखास होणारी चूक म्हणजे जास्त पाणी. ताटलीत पाणी साठलं की दाण्यांना वास येतो आणि बुरशी धरते. कापूस ओला हवा, तरंगता नको. धने देऊ नका, त्यांना उगवायलाच आठवडा-दीड आठवडा लागतो आणि मुलाचा धीर सुटतो.

पोस्टकार्डं. पाच कोरी पोस्टकार्डं घ्या, पत्ते आधीच लिहून ठेवा. ज्यांना ती जाणार त्या पाचही जणांना गुपचूप सांगा की पोस्टकार्डानेच उत्तर द्यायचं. मुलाने दोन ओळी लिहायच्या किंवा चित्र काढायचं. लिहायचा हात प्लास्टरमध्ये असेल तर सांगायचं आणि भावंडाने लिहायचं. पुढचे पंधरा दिवस पोस्टमनची वाट बघितली जाते. ही पुडी दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीलाच द्या, उशीर केला तर उत्तरं प्लास्टर निघाल्यावर येतील.

खिडकीतून झाड दिसत असेल तर पक्ष्यांची वहीही चांगली. कावळा, साळुंकी, बुलबुल, पारवा, दयाळ, शिंजीर अशी नावं डाव्या रकान्यात, पुढे तारखा. नावांसमोर छोटी चित्रं काढून दिलीत तर सहा वर्षांचं मूलही वापरतं.

## ५. हात प्लास्टरमध्ये असेल तर

एका हाताने करता येईल का, हे वस्तू निवडताना स्वतः करून पाहा. एक हात पाठीमागे धरा आणि खोका उघडा, टोपण काढा, पान उलटा. जिथे दात वापरावेसे वाटतील तिथे ती वस्तू बाद किंवा तिच्यात सुधारणा हवी.

स्केचपेन. टोपण काढायला दोन हात लागतात. उपाय असा: उथळ, जड वाटीत २.५ सेंमी जाडीचा शाडूचा थर भरा. टोपणं, तोंड वर करून, अर्धी आत रोवा आणि दोन दिवस वाळू द्या. शाडू वाळताना आक्रसतो आणि टोपणं सैल होतात, म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी फेविकॉलचा थेंब सोडा. आता पेनं टोपणांत उभी राहतात. मूल एका हाताने उपसतं आणि परत खोचतं. हे सगळं घरी तयार करून न्या, मुलासमोर बनवत बसू नका.

पत्ते. पत्त्यांचा पंखा एका हातात धरून त्याच हाताने पान टाकता येत नाही. कपडे घासायचा नवा ब्रश घ्या, तारांचा नाही, साध्या केसांचा. तो पालथा ठेवून केसांत पत्ते उभे खोवा. एका ब्रशमध्ये सात-आठ पत्ते नीट राहतात. गुलामचोर आणि भिकार-सावकार सहज चालतात. पाच-तीन-दोनमध्ये प्रत्येकाला दहा पानं येतात, म्हणून दोन ब्रश द्या. पत्त्यांचा जोड आणि दोन ब्रश ही आठ वर्षांवरच्या मुलासाठी फार चांगली भेट आहे, कारण ती घरातल्या मोठ्यांनाही पलंगापाशी बसवते.

ठसे. लिहायचा हात अडकला असेल तर बारीक रंगकाम नको. आडवी कापलेली भेंडी, बटाट्याचे ठसे, जाड खडू, मोठे स्टिकर हे डाव्या हातालाही जमतं. कागद चारी कोपऱ्यांना कागदी टेपने टेबलाला चिकटवा. प्लास्टरवर आधी जुना स्वच्छ मोजा चढवा.

न लिहिणाऱ्या हाताने अक्षरं गिरवायची वही भेट म्हणून देऊ नका. काही मोठ्यांना ती कल्पना छान वाटते, मुलाला ती शिक्षा वाटते.

प्लास्टरवर सह्या. पांढरं प्लास्टर पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस लागू शकतात, त्याआधी त्यावर लिहू नका. नंतर मार्कर चालतो. फायबरच्या प्लास्टरवर पक्क्या शाईचा मार्करच टिकतो. ऑइलपेंट किंवा वॉर्निश फासू नका, आतली कातडी घामेजते.

## ६. पाय प्लास्टरमध्ये असेल तर

इथे दोन्ही हात मोकळे, पण अंगात रग भरपूर आणि जागा तीच. म्हणून हाताला काम देणाऱ्या आणि पलंगापासून दूर पोचणाऱ्या वस्तू निवडा.

रिमोटची गाडी इथे खरोखर कामाची. तिला मागे चिठ्ठी अडकवायला चिमटा लावा. मूल पलंगावरून स्वयंपाकघरात चिठ्ठी पाठवतं आणि तिथून उत्तर घेऊन गाडी परत आणतं. सेल पेन्सिलवाले असावेत आणि त्यांचा खण स्क्रूने बंद होणारा. सुट्या सेलची एक पाकिटभर सोबत द्या, नाहीतर दुसऱ्या संध्याकाळी खेळ थांबतो.

ओरिगामीचे कागद, सुतळीचे विणकाम, आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे जोडून करायचे आकार ही कामं या मुलांना जमतात. आगकाड्यांचा हा प्रकार टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी लोकप्रिय केला. काड्यांची टोकं आधी खरवडून गुल काढून टाका आणि ट्यूबचे २ सेंमीचे तुकडे घरून कापून न्या. दोन काड्या आणि एक तुकडा मिळून लवचीक सांधा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून वाकत नाही, चौकोन मात्र वाकतो. हे कळलं की मूल स्वतःच पूल आणि घरं बांधायला लागतं.

चित्रांचे तुकडे जुळवायचे कोडे द्यायचे तर ५-६ वर्षांसाठी २४ ते ४८ तुकडे, ८ वर्षांनंतर १०० पुरेत. हजार तुकड्यांचं कोडं पलंगावर कधीच पूर्ण होत नाही.

मांडीचं हाड मोडून कमरेपासून प्लास्टर घातलेलं लहान मूल बहुतेक वेळ आडवंच असतं. डॉक्टरांनी पालथं ठेवायला परवानगी दिली असेल तर छातीखाली उशी आणि समोर पाट ठेवून खेळता येतं. त्याच्यासाठी मोठे ठोकळे, बाहुल्या, जाड पानांची पुस्तकं. या मुलाच्या कडेला खाली पडलेली वस्तू त्याला उचलता येत नाही, म्हणून खेळण्याला फूटभर सुतळी बांधून टेबलाला अडकवा. सुतळी त्याहून लांब नको, गळ्याभोवती येते.

## ७. काय मुळीच नेऊ नये

प्लास्टर आणि कातडी यांच्या फटीत जे जाऊ शकतं ते सगळं बाद: मणी, चमकी, वाळू, थर्माकोलचे गोळे, मोहरीएवढे काहीही. आत गेलेला एक मणी कातडीला जखम करतो आणि बाहेरून दिसत नाही. याच कारणाने चिवडा, फरसाण, भुगा होणारे लाडू, बिस्किटंही अंथरुणात नकोत. खाऊ न्यायचाच तर केळी, चिकू, खजूर न्या. पडून राहिलेल्या मुलाचं पोटही साफ राहतं.

खाजवायला म्हणून विणकामाची सुई, लांब पट्टी किंवा "प्लास्टरची काडी" भेट देणारेही भेटतात. हे करू नका.

लहान चपटे नाण्यासारखे सेल असलेली वाजणारी भेटकार्डं आणि चमकणारी खेळणी टाळा. असा सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. ताकदवान लोहचुंबकांचे गोळेही नकोत. दोन गोळे पोटात गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून भोक पडतं.

खेळण्यावर आयएसआय चिन्ह बघा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे.

बॅट, स्केट्स, सायकल यांचा बेत असेल तर तो सध्या मनातच ठेवा. "बरा झालास की मिळेल" असं दाखवून ठेवलेली सायकल मुलाला रोज छळते.

मूल दवाखान्यातच असेल तर वॉर्डच्या नर्सला विचारा. पुसून स्वच्छ करता येणाऱ्या वस्तू बहुतेक ठिकाणी चालतात, केसाळ टेडी आणि फुलं अनेक ठिकाणी नाहीत.

## ८. भेट देताना

एका वेळी दोन-तीन माणसं, अर्धा-पाऊण तास. आल्या आल्या "कसा रे पडलास?" विचारू नका, ते त्याने वीस वेळा सांगितलेलं असतं. पुडी द्या, ती त्याला उघडू द्या आणि दहा मिनिटं त्याच्याबरोबर तो खेळ खेळा. नियम समजावून न देता ठेवून दिलेला खेळ सहसा उघडलाच जात नाही.

तपासा: खेळता खेळता प्लास्टरबाहेरची बोटं बघा. ती फिकट, निळसर किंवा थंड झाली असतील, मुंग्या येत असतील, हलवता येत नसतील, दुखणं वाढतच असेल, किंवा प्लास्टरमधून वास आणि अंगात ताप असेल, तर खेळ बाजूला ठेवा आणि घरच्यांना लगेच डॉक्टरांना कळवायला सांगा.

## ९. प्लास्टर निघाल्यावर

शेवटची पुडी सगळ्यांत कमी वेळा दिली जाते. प्लास्टर निघाल्यावर हात बारीक दिसतो, कातडी सुटते, सांधा आखडलेला असतो, आणि मूल घाबरतं. व्यायाम करायला सांगितला की रडतं. तोच व्यायाम खेळातून होईल अशी वस्तू द्या, डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टने हालचाल सुरू करायला सांगितल्यावरच.

हातासाठी: कपड्यांचे रंगीत चिमटे वीस, आणि एक दोरी. चिमटे लावायचे, काढायचे, रोज वेळ मोजायची. किंवा खेळायचा गोळा: १ वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, साधारण अर्धी वाटी पाणी, १ चमचा तेल. पाणी थोडं थोडं घाला, गोळा हाताला चिकटता कामा नये. हवाबंद डब्यात काही दिवस मऊ राहतो. मिठामुळे कातडीवर जखम किंवा ओरखडा असेल तिथे झोंबतं, म्हणून जखम पूर्ण भरेपर्यंत गोळा देऊ नका. सागरगोटेही आता चालतील, पण गोटे हलके आणि मोठे निवडा.

पायासाठी: चालायची परवानगी मिळाली की घरातल्या घरात चिठ्ठ्यांचा शोध. पहिल्या दिवशी पाच पावलांवर एक चिठ्ठी, मग दहा, मग दुसऱ्या खोलीत. फरशी ओली नाही आणि पायपोस सरकत नाही, हे आधी पाहून घ्या.